गरम हवेचा फुगा आणि वारा : वाचकांचे प्रश्न

गरम हवेच्या फुग्यातून सफर करण्याची हौस आता मराठी पर्यटकांनाही लागली आहे आणि त्या सफरीविषयीची पत्रेही वाढली आहेत. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर होता, ती म्हणजे वारा. त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच विषयाची अनेक पत्रे होती तेथे त्यांचा आशय एकत्र केला आहे.

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही तुर्कस्तानातील कापाडोक्याला गेलो होतो. पहाटे साडेचारला तयार होऊन बसलो. हॉटेलच्या अंगणात झाडाचे पानही हलत नव्हते, तरी “वाऱ्यामुळे आजची उड्डाणे रद्द” असा निरोप आला. दुसऱ्या दिवशीही तेच घडले. पैसे परत मिळाले, पण कारण काही पटले नाही. इतक्या शांत हवेत वारा कुठून आला? (एक वाचिका, लंडन)

उत्तर : आपल्याला सांगितलेले कारण बहुधा खरेच असावे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून झपाट्याने थंड होते आणि तिला लागून असलेला हवेचा थरही थंड व जड होऊन दऱ्याखोऱ्यांत बसून राहतो. त्याच्या वर तुलनेने उबदार हवा असते. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, येथे ती काही अंतरापर्यंत उबदार होत जाते, म्हणून हवामानशास्त्रात या स्थितीला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. असा थर जमला की त्याच्यावरच्या वाऱ्याला जमिनीचे घर्षण जाणवेनासे होते आणि तो रात्रभर वेग घेत राहतो. त्यामुळे अंगणात पान हलत नसताना तीन-चारशे मीटर उंचीवर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा वाहत असणे मुळीच अशक्य नाही.

हा वारा वरच राहिला असता तर फुग्याचे फारसे बिघडले नसते. फुगा वाऱ्याबरोबरच वाहतो, त्यामुळे टोपलीतल्या माणसाला चाळीसच्या वाऱ्यातही केस उडताना जाणवत नाहीत. पण सूर्य वर आला की जमीन तापते, खालचा थंड थर ढवळला जातो आणि वरचा वेग खाली उतरतो. हे बहुधा सूर्योदयानंतर तास-दोन तासांत घडते. कापाडोक्याची उड्डाणे सूर्योदयाच्या सुमारास सुरू होतात आणि सुमारे तासभर चालतात, म्हणजे फुगा उतरण्याची वेळ नेमकी या ढवळण्याच्या तोंडावर येते. फुग्याला सुकाणू नसते, इंजिन नसते आणि ब्रेकही नसतो. जमिनीला टेकताना वाऱ्याचा जो वेग असेल तोच टोपलीचा आडवा वेग असतो. म्हणून पहाटे पाच वाजता पायलटने करायचा विचार पाचच्या वाऱ्याचा नसतो, साडेसातच्या वाऱ्याचा असतो. आपण अंगणात उभ्या राहून जे पाहिले ते खरे होते, पण ते त्या निर्णयाला लागू नव्हते.

याची किंमत कापाडोक्याने मोजलेली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथे जोरदार वाऱ्यामुळे एक फुगा उतरताना आदळला आणि दोन स्पॅनिश पर्यटकांचा मृत्यू झाला. तेथे उड्डाणाला परवानगी द्यायची की नाही हे तुर्कस्तानची नागरी विमान वाहतूक यंत्रणा पहाटेच ठरवते आणि तो निर्णय सर्व कंपन्यांना सारखाच लागू होतो. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. निर्णय एकेका कंपनीवर सोपवला असता तर शेजारच्याने फुगा सोडला म्हणून आपणही सोडावा, हा मोह कुणालाच आवरला नसता.

वरचा वारा खालून कसा ओळखतात, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. हवामानाचे अंदाज असतातच, पण त्याबरोबर हेलियम भरलेला एक लहानसा रबरी फुगा आकाशात सोडतात आणि तो कोणत्या उंचीवर कोणत्या दिशेला किती लवकर सरकतो हे पाहतात. आपल्या हवामान खात्याच्या अनेक केंद्रांतूनही वरचा वारा मोजण्यासाठी असे फुगे सोडले जातात आणि त्यांना ‘पायलट बलून’च म्हणतात. अमेरिकेतील आल्बुकर्की येथे दर ऑक्टोबरात भरणाऱ्या फुग्यांच्या मोठ्या मेळाव्यात तर काही पायलट दिवे लावलेले फुगे घेऊन सूर्योदयाआधीच वर जातात आणि खाली थांबलेल्या शेकडो जणांना वारा कसा आहे ते त्यांच्याकडे पाहून समजते. १९७८ पासून चालत आलेली ही प्रथा ‘डॉन पट्रोल’, म्हणजे पहाटेची गस्त, म्हणून ओळखली जाते.

पुढच्या वेळी आपण तेथे तीन-चार पहाटे मोकळ्या ठेवाव्यात आणि उड्डाण पहिल्याच दिवशीचे नोंदवावे, म्हणजे ते रद्द झाले तरी पुढचे दिवस हाताशी राहतात. रद्द झाल्यावर पैसे तक्रार न करता परत देणारी कंपनी बदलण्याचे मात्र काही कारण दिसत नाही.

प्रश्न : मोबाइलवरील हवामानाच्या अ‍ॅपमध्ये ‘वारा ८’ असे दिसते. एवढ्या वाऱ्यात फुगा उडू शकतो का? सर्वसामान्य माणसाने मर्यादा कोणती समजावी? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : प्रथम हा आकडा कोणत्या एककातील आहे ते पाहावे. ताशी ८ किलोमीटर असेल तर ती सुखद झुळूक आहे. ८ नॉट म्हणजे ताशी सुमारे १५ किलोमीटर होतात आणि पायलट विचारात पडतो. पण आकडा सेकंदाला ८ मीटर असा असेल तर तो ताशी २९ किलोमीटरच्या घरात जातो आणि त्या वाऱ्यात कुणीही शहाणा माणूस फुग्याचे कापड पिशवीतून बाहेरसुद्धा काढणार नाही. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकक बदलता येते, ते एकदा नीट लावून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा आकडा सरासरीचा असतो आणि जमिनीपासून दहा मीटर उंचीसाठी असतो. फुग्याला त्रास देतो तो सरासरी वारा नव्हे, मधूनच येणारा झोत. बहुतेक चांगल्या अ‍ॅपमध्ये झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो. सरासरी १० आणि झोत २५ असा अंदाज असेल तर तो दिवस सरासरी १५ आणि झोत १७ असलेल्या दिवसापेक्षा वाईट समजावा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट.

उत्पादक कंपन्यांच्या उड्डाण-पुस्तिकांत जमिनीवरील वाऱ्याची जी कमाल मर्यादा दिलेली असते ती साधारणपणे १५ नॉटच्या, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास असते. ही मर्यादा यंत्राची आहे, पर्यटकांची नव्हे. प्रवासी घेऊन उडणारे सावध पायलट त्याच्या बरेच आधी, ८ ते १० नॉटच्या दरम्यान थांबतात. डोळ्यांनी अंदाज घ्यायचा असेल तर ब्युफर्टच्या जुन्या मापनपट्टीइतके सोयीचे साधन नाही. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि पाने सळसळतात तेव्हा तो ४ ते ६ नॉट असतो. पाने व बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या आणि हलका ध्वज पूर्ण उलगडून फडकू लागला की तो ७ ते १० नॉटपर्यंत पोचलेला असतो. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले की ११ ओलांडले असे समजावे आणि घरी जावे.

प्रश्न : आमच्या गावच्या महोत्सवात यंदा दोरांनी बांधलेला गरम हवेचा फुगा आणण्याचा विचार आहे. लोकांना तीस मीटरपर्यंत वर नेऊन खाली आणायचे, एवढेच. फुगा पुरवणारे म्हणतात की तो बांधलेलाच असल्यामुळे वाऱ्याची काळजी नको. मैदान माळावर आहे आणि वेळ दुपारी चार ते रात्री आठ अशी ठरवली आहे. आपले मत काय? (महोत्सव समितीचे एक सदस्य, सातारा जिल्हा)

उत्तर : पुरवठादाराचे म्हणणे नेमके उलटे आहे. फुगा मोकळा असतो तेव्हा तो वाऱ्याबरोबर जातो, म्हणून वाऱ्याचा जोर त्याच्यावर पडतच नाही. त्याला बांधून ठेवले की तो सगळा जोर त्याला उभ्याने सोसावा लागतो. चार-पाच माणसे नेणारा मध्यम आकाराचा फुगा सुमारे तीन हजार घनमीटरचा असतो आणि त्याचा व्यास अठरा मीटरच्या आसपास भरतो. एवढ्या गोलावर ताशी १० किलोमीटरचा वारा ढोबळ हिशेबाने साठ किलो भाराइतका जोर लावतो, २० किलोमीटरचा अडीचशे किलोच्या जवळपास आणि ३० किलोमीटरचा पाचशे किलोहून अधिक. हा हिशेब फुगा टणक आणि गोल राहिला असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात वाऱ्याच्या बाजूने कापड आत दबते, फुग्याचा आकार शिडासारखा होतो आणि जोर आणखी वाढतो.

कापड दबले की दोन गोष्टी घडतात. आतली गरम हवा तोंडातून बाहेर ढकलली जाते, त्यामुळे फुगा जड होतो आणि पायलटला अधिक ज्योत सोडावी लागते. त्याच वेळी फुग्याचे तोंड वेडेवाकडे होऊन ज्योतीच्या आड येते. तोंडाजवळचे कापड आग सहज न धरणारे असते, पण त्याच्या वरचे कापड नायलॉनचे असते आणि ते वितळते. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात मंदसौर जिल्ह्यातील गांधीसागर येथे मुख्यमंत्री मोहन यादव फुग्याच्या टोपलीत असताना जे घडले ते आपण वाचले असेल. त्या वेळी वारा ताशी सुमारे २० किलोमीटर होता, त्यामुळे फुगा वर जाऊ शकला नाही आणि खालच्या भागात आग दिसल्यावर कर्मचाऱ्यांनी ती आटोक्यात आणली, असे बातम्यांत आले होते. सुरक्षेत कोणतीही हयगय झाली नाही, असा खुलासा प्रशासनाने केला. हयगय झाली की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी २० किलोमीटरच्या वाऱ्यात जमिनीला धरून ठेवलेला फुगा कसा वागतो, हे त्या प्रसंगातून दिसते.

आता आपल्या वेळापत्रकाविषयी. दुपारी चारची वेळ मला अजिबात मान्य नाही. उघड्या माळावर त्या वेळी जमीन तापलेली असते, गरम हवेचे लोट वर उठत असतात आणि उन्हाळ्याच्या दिवसांत वावटळ कोणतीही सूचना न देता येते. मोकळ्या फुग्यांची संध्याकाळची उड्डाणेसुद्धा सूर्यास्तापूर्वीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत, जमीन निवू लागल्यावरच होतात. बांधलेल्या फुग्यासाठी सूर्यास्तानंतरचा काळ अधिक बरा आणि सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वांत चांगला. पहाटे महोत्सवाला गर्दी जमत नाही ही अडचण मी समजू शकतो, पण गर्दीच्या सोयीने वारा थांबत नाही.

पुरवठादाराशी करार करण्याआधी त्याच्याकडे चार गोष्टी मागाव्यात आणि त्या कागदावर घ्याव्यात. पायलटकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, फुगा चालवण्याचा परवाना आहे का? उत्पादकाच्या पुस्तिकेत बांधलेल्या फुग्यासाठी वाऱ्याची मर्यादा किती दिली आहे, आणि ते पान तो दाखवू शकतो का? फुगा किमान तीन दिशांना, पुरेशा वजनाच्या वाहनांना बांधला जाणार आहे का? आणि मैदानावर वारा मोजण्याचे यंत्र असणार आहे का? ताशी १० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की माणसे चढवणे थांबवायचे, अशी अट अनेक सावध पायलट स्वतःच घालून घेतात. आपल्या पुरवठादाराला ती जाचक वाटत असेल तर त्याला नकार द्यावा. महाराष्ट्रात साहसी पर्यटनासाठी राज्य शासनाने २०२१ मध्ये धोरण आखले असून त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, तीही पाहून घ्यावी.

एक गोष्ट करारात स्वतंत्रपणे लिहावी : फुगा खाली आणून रिकामा करण्याचा शब्द पायलटचा राहील आणि व्यासपीठावर कोणीही पाहुणा ताटकळत असला तरी समितीचा कोणताही सदस्य त्यावर बोलणार नाही. आपल्याकडील समारंभांत वाऱ्यापेक्षा हा दबाव अधिक घातक ठरू शकतो, असे मला वाटते.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी कामशेत परिसरात फुग्याच्या जमिनीवरील पथकात मदत करतो. एकदा वारा जरा वाढला होता. आम्ही सगळे टोपलीवर भार देऊन उभे होतो. सोडल्याबरोबर फुगा झपकन वर गेला आणि लगेच खाली बसायला लागला, शेताच्या कडेची झाडे अगदी थोडक्यात चुकली. पायलट म्हणाले, “खोटी उचल होती.” हा काय प्रकार असतो? आणि अशा वेळी पथकाने काय करावे? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : वाऱ्यात फुगा सोडताना जे धोके असतात त्यांतला हा सर्वांत फसवा. फुगा जमिनीवर धरून ठेवलेला असताना वारा त्याच्या गोल माथ्यावरून वेगाने जातो आणि तेथील दाब कमी होतो. विमानाच्या पंखाला ज्या कारणाने उचल मिळते त्याच कारणाने फुग्यालाही थोडी उचल मिळते. टोपली हलकी होते, ती जमिनीवर थरथरू लागते, आणि पायलटला तसेच पथकाला वाटते की आतली हवा पुरेशी तापली. मग फुगा सोडतात. काही सेकंदांत तो वाऱ्याच्या वेगाने वाहू लागतो, त्याच्या माथ्यावरून जाणारा वारा उरत नाही आणि ती उचल नाहीशी होते. खरी, म्हणजे गरम हवेची उचल कमी पडत असेल तर फुगा खाली येतो, आणि तोही वाऱ्याच्या दिशेला, जिकडे झाडे, घरे किंवा विजेच्या तारा असतात तिकडेच.

आडोशाच्या जागेवरून सोडतानाही हेच घडते. झाडांच्या रांगेआड हवा शांत असते, पण फुगा त्या रांगेच्या वर डोके काढतो तेव्हा माथ्याला जोराचा वारा लागतो आणि टोपली अजून शांत हवेत असते. पुन्हा खोटी उचल मिळते आणि पुन्हा ती निघून जाते. आडोसा घ्यावा, फुगा भरताना त्याचा उपयोग फार होतो, पण तो अति उंच आणि अति जवळ असू नये, कारण उंच आडोशामागे वारा घिरट्या घालत खाली उतरतो.

थोडे आकडे मांडले म्हणजे अंतराचे महत्त्व लक्षात येईल. वारा ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे आणि शेताची कड शंभर मीटरवर आहे, असे धरू. फुगा वीस सेकंदांत तेथे पोचतो. तो सेकंदाला दोन मीटर चढत असेल तर कडेवर चाळीस मीटर उंच असेल आणि झाडे सहज ओलांडेल. पण पहिली आठ सेकंदे खोट्या उचलीच्या फसवणुकीत वाया गेली तर हीच उंची चोवीस मीटर उरते, आणि त्यात तो मधे खाली बसला तर मोजायला फारसे काही उरत नाही. वारा निम्मा असता तर त्याच कडेपर्यंत चाळीस सेकंद मिळाली असती.

उपाय पायलटच्या हातात आहे. हवेला नेहमीपेक्षा बरीच अधिक उष्णता द्यायची, फुगा सोडल्यावरही ज्योत चालू ठेवायची, आणि अडथळे पार होईपर्यंत चढ मंदावू द्यायचा नाही. यासाठी टोपली वा बर्नरची चौकट एका दणकट पट्ट्याने वाहनाला बांधलेली हवी. त्या पट्ट्याला एका झटक्यात सुटणारा खटका असतो आणि तो पायलटच ओढतो. पट्टा असला की फुगा पूर्ण तापेपर्यंत धरून ठेवता येतो. केवळ माणसांच्या भारावर धरलेला फुगा पायलटला लवकर सोडावासा वाटतो, कारण माणसे दमतात आणि एकेक जण हात काढू लागतो. वाऱ्याच्या दिवशी माणसांच्या भारावर फुगा धरणे ही पद्धत मला पटत नाही, आणि आपल्या पथकात तसेच चालत असेल तर आपण त्याविषयी जरूर विचारावे.

आपल्यासाठी मात्र सर्वांत महत्त्वाची सूचना वेगळीच आहे. फुग्याचा दोर कधीही हाताला गुंडाळू नये, दोराच्या वेटोळ्यात उभे राहू नये, ताणलेल्या पट्ट्याच्या रेषेत आणि वाहन व टोपली यांच्या मधे थांबू नये. आणि पाय जमिनीवरून सुटू लागले तर त्याच क्षणी हात सोडावेत. “इतरांनी धरले आहे, मी सोडले तर फुगा जाईल” हा विचार प्रामाणिक असला तरी जीवघेणा आहे, कारण दुसऱ्या सेकंदाला उंची तीन मीटर असते आणि चौथ्या सेकंदाला ती उडी मारण्याजोगी राहत नाही. मे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळील कॅम्प कर्नी येथे अमेरिकी नौदलाचे ‘ॲक्रन’ हे अजस्र हवाई जहाज उतरल्यावर दोरांनी जमिनीशी बांधताना ते अचानक वर उचलले गेले आणि दोर धरून राहिलेले खलाशी त्याच्याबरोबर वर गेले. त्यांतले दोघे पडून मरण पावले. तिसऱ्याने स्वतःला दोराशी अडकवून घेतले आणि बऱ्याच वेळाने त्याला वर ओढून घेण्यात आले. ते जहाज हेलियमचे होते आणि फुग्याहून कितीतरी मोठे, पण दोर धरणाऱ्याची चूक तीच होती.

फुगा भरताना माथ्याचा दोर ज्याच्या हातात असतो त्याच्यावर वाऱ्याच्या दिवशी मोठी जबाबदारी असते. पंख्याने थंड हवा भरली जात असताना फुगा लोळू लागला तर दोर धरणारा पायलटला हाताने खूण करून थांबवू शकतो, आणि त्याने थांबवलेच पाहिजे. कापड पसरले आहे म्हणून उडायलाच हवे, असा काही नियम नाही. भरलेला फुगा माथ्याची झडप उघडून मिनिटाभरात निपचित करता येतो.

प्रश्न : माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे, तिच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला जयपूरला फुग्यातून फिरण्याची फार इच्छा आहे. वारा असला तर उतरताना धक्का बसतो असे ऐकले. तो कितपत असतो? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : शांत हवेत फुगा इतका हळू टेकतो की कधीकधी प्रवाशांना कळतही नाही. वारा ताशी पंधरा-वीस किलोमीटर असेल तर टोपली टेकल्यावर थोडी घसरते, उडी घेते आणि बहुधा आडवी होते. टोपली आडवी होणे हा अपघात नव्हे, ती वाऱ्यात उतरण्याची नेहमीची रीत आहे. पण अडुसष्टाव्या वर्षी, शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यासह, आणखी पाच-सात माणसांबरोबर वेताच्या टोपलीत आडवे होणे याचा विचार करूनच निर्णय घ्यावा. मध्यम फुग्यात असलेल्या हवेचे वजनच पावणेतीन टनांच्या आसपास असते. तिच्यात कापड, टोपली, इंधन आणि माणसे यांची भर घातली की ताशी वीसच्या वेगाने चाललेले तीन टनांहून अधिक वस्तुमान थांबवायचे असते आणि ते क्षणात थांबत नाही.

उतरताना पायलट सर्वांना जाण्याच्या दिशेकडे पाठ करून, पाठ टोपलीच्या भिंतीला टेकवून, गुडघे किंचित वाकवून आणि आतले दोर घट्ट धरून उभे राहायला सांगतो. आईंना ही बैठक एक-दोन मिनिटे जमते का हे घरीच करून पाहावे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ती दाखवून त्यांचा सल्ला घ्यावा. टोपलीत चढण्यासाठी बाहेरून खाचांत पाय ठेवून कठडा ओलांडावा लागतो, ही गोष्ट अनेकांना ऐनवेळी कळते. डॉक्टरांनी होकार दिला तर नोंदणी करतानाच कंपनीला गुडघ्याविषयी सांगावे आणि फक्त अगदी कमी वाऱ्याच्या दिवशीच नेण्याची विनंती करावी. चांगला पायलट ही विनंती आनंदाने मानतो. टोपली थांबली तरी पायलटने सांगेपर्यंत कोणीही बाहेर पडायचे नाही, हे मात्र आईंना आधीच बजावून ठेवावे, कारण एक माणूस उतरला की भार कमी होतो आणि फुगा उरलेल्यांना घेऊन पुन्हा उचलला जाऊ शकतो.

प्रश्न : म्हणजे वारा अजिबात नसेल तो दिवस सर्वांत सुरक्षित, असे समजावे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. फुगा सोडण्यासाठी तो दिवस उत्तम, पण उतरण्यासाठी तितकासा नाही. फुगा इकडून तिकडे जातो तो केवळ वाऱ्याने. वारा पूर्ण पडला तर तो एखाद्या दाट जंगलावर, गावठाणावर किंवा तलावावर तसाच लटकत राहतो आणि इंधन मात्र संपत जाते. अशा वेळी पायलट वरखाली जाऊन निरनिराळ्या थरांत थोडीशी तरी हालचाल शोधतो, कारण वेगवेगळ्या उंचीवर वाऱ्याची दिशा बहुधा वेगळी असते. बहुतेक पायलटांना जमिनीवर ताशी पाच ते दहा किलोमीटरचा, एकाच दिशेने स्थिर वाहणारा वारा सर्वांत आवडतो. पूर्ण निवांत सकाळी पायलट उड्डाणाआधी इंधनाची टाकी एक वाढवून घेत असेल आणि त्यासाठी एखादा प्रवासी कमी करीत असेल, तर त्या प्रवाशाने रागावू नये.